जुलैतला हीटर

काटा लाल रेघेला टेकला तेव्हा
आक-बैतालचा माथा अजून सहा वळणं वर होता.
पांढरी घोडी, असा अर्थ आहे ह्या घाटाच्या नावाचा.
आमची उआझ पावाच्या लादीसारखी,
म्हणून सगळे तिला पावच म्हणतात.
आज आतून जरा जास्तच भाजलेली.

हिचं इंजिन नाकात नाही, पोटात:
दोन सीटांच्या मध्ये, पत्र्याच्या झाकणाखाली.
ताप चढला की आधी माझ्या गुडघ्याला कळतं.

गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले.
सात प्रवासी उतरले
आणि उतरताच सातांचे सात मेकॅनिक झाले.
पंप गेला. पट्टा सैल आहे. पेट्रोलच भेसळीचं.
लोकरीच्या गाठोड्यावर बसून जानीबेक म्हणाला,
"हेड गॅसकेट. संपलं. परत चला."
बातमा-आपा काहीच बोलल्या नाहीत.
त्यांनी स्टोव्ह काढला, किटली काढली.

टोपी लगेच उघडायची नाही.
बाबांच्या मनगटावर एक गुलाबी नकाशा होता,
त्यावरून आम्ही तिघं भावंडं हे शिकलो,
पाढ्यांच्याही आधी.
म्हणून थांबले. थांबणं हीसुद्धा दुरुस्तीच.
मग तेलाची काडी ओढली: काळं, नुसतं काळं.
दुधाळ असतं तर जानीबेक खरा ठरला असता.
पट्टा अंगठ्याने दाबला, हवा तेवढाच दबला.
शेवटी रेडिएटरवर तळहात ठेवला
आणि तो गार.
शेजारच्या घराला आग लागलेली
आणि हा आपला दार लावून झोपलेला.

"दारच उघडत नाहीये," एसेनकुल सर म्हणाले.
तीस वर्षं मुर्गाबच्या शाळेत भौतिकशास्त्र.
थर्मोस्टॅट काढला. लिंबाएवढा, पितळी,
कडेवर कोरलेलं: ऐंशी.
"इथल्या उंचीवर पाणी पंच्याऐंशीलाच उकळतं," सर म्हणाले,
"पाच अंश हातात आहेत. टाक किटलीत."
आपांनी चहाची पूड मुठीतच धरून ठेवली.
सात डोकी वाफेत वाकली.
पाणी खळखळलं, झाकण नाचलं,
आणि तो ढिम्म.

"कधीपासून असा?"
काल-परवापासून, असं म्हणणार होते मी.
तेवढ्यात नजर हीटरच्या दांडीवर गेली.
बाकी सगळ्या बटणांवरची चित्रं शाबूत,
हिच्यावरचं पुसलेलं.
तिथे अंगठ्याएवढी चकाकी.

जुलै होता. कराकुलला मावशीकडे निघालेलो.
काचा खाली, हीटर पूर्ण.
आईचा रुमाल पिळण्याइतका ओला,
धाकट्याला उलटी,
आणि मी ओरडतेय, बाबा, बंद करा ना!
"म्हाताऱ्या हाडांना ऊब लागते गं," ते म्हणाले.
वय तेव्हा एकेचाळीस.

हीटर म्हणजे दुसरा, छोटा रेडिएटर;
इंजिनचा ताप तो माणसांवर ओततो,
असं काहीसं सर समजावत होते.
नवा थर्मोस्टॅट ओशच्या बाजारात मिळतो, तेव्हाही मिळायचा.
त्या वर्षी मला शाळेचे बूट मिळाले होते.
मी हिशेब जोडत नाही.
बूट आठवले, एवढंच.

पाइप पुन्हा बसवला, मधली जागा रिकामी ठेवून.
आपांनी किटलीतलं पाणी फेकलं नाही, रेडिएटरमध्ये ओतलं:
तापलेल्या डोक्याला गार पाणी दाखवू नये, तडकतं.
चहा मग ओढ्याच्या पाण्याचा झाला.
जानीबेकनेही दोन वाट्या प्यायल्या.

काटा चढला, मधे थांबला, मधेच राहिला.
ऑक्टोबरच्या आत नवा बसवायला हवा,
नाहीतर उणे चाळीसमध्ये ही तापायचीच नाही.
खिशात तो जुना, प्रत्येक खड्ड्याला मांडीवर टोचणारा.

माथ्यावर, काही कारण नसताना,
मी हीटरची दांडी पूर्ण उजवीकडे सरकवली.
दोन वळणंही झाली नसतील,
मागून कुणीतरी ओरडलं,
बंद कर ना!